‘देव चांगला आहे’ म्हणताना आई गप्प राहिली

(एका चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

उपासनेच्या सुरुवातीला पुढून कुणीतरी म्हणतं, "देव चांगला आहे!" आणि सगळी मंडळी उत्तर देते, "सर्वकाळ!" मग उलटं. "सर्वकाळ?" "देव चांगला आहे!" मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. माझं तर तोंड आपोआप उघडतं, शाळेतल्या हजेरीसारखं.

धाकटी बहीण गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी माझं लक्ष शेजारी आईकडे गेलं. ओठ मिटलेले. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसती समोर बघत उभी. दोन्ही वेळा गप्प. उपासना संपल्यावर एक बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "ताई, विश्वास डळमळू देऊ नका. सैतान अशीच वेळ गाठतो." आई "हो" म्हणाली. घरी येईपर्यंत पुढे एक शब्द नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. रक्ताचा कर्करोग, वय २९, निदानापासून शेवटापर्यंत आठ महिने. मधले तीन महिने बरे गेले. इतके बरे, की आम्ही मंडळीत उभं राहून साक्ष दिली, रिपोर्ट स्वच्छ आला, प्रभूची स्तुती असो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या साक्षीचं आता काय करायचं? ती परत घ्यायची असते का? हे कुणी सांगत नाही.

प्लेटलेटची पिशवी फिकट पिवळी असते, रक्तासारखी लाल नसते. हे मला आधी माहीत नव्हतं. ती जेमतेम पाच दिवस टिकते, त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही; सारखे नवे दाते शोधायचे. बहीण पिशवीवरची तारीख वाचायची आणि म्हणायची, "परवा हे दुसऱ्याच कुणाच्या अंगात फिरत होतं. त्याच्यासाठी प्रार्थना कर, माझ्यासाठी सगळे करतायत." तिचा विश्वास शेवटपर्यंत अढळ होता असं आता लोक सांगतात. मी तिथे होतो. अढळ वगैरे नव्हता. शेवटच्या आठवड्यात एका रात्री तिने विचारलं, "तो ऐकतोय ना रे?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग?"

त्या ‘मग’चं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज नाही.

तर माझं म्हणणं असं. देव चांगला आहे हे मी आजही मानतो. पण बहिणीचं मरण चांगलं होतं हे मी मानत नाही, आणि कुणी मला तसं मानायला लावू नये. पवित्र शास्त्रात ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी नांदतात. १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही. "त्याची दया रोज सकाळी नवी" हे वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. विलापगीतात ते पाचांपैकी तिसऱ्या अध्यायाच्या पोटात आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेलं शहर आणि उपाशी लेकरं आहेत. यिर्मया २९:११ चंही तसंच. "माझे संकल्प हिताचे आहेत" एवढं आपण कापून घेतो. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबा असं लिहिलंय. यिर्मयाचं ते पत्र बाबेलच्या बंदिवासात ज्या मोठ्या माणसांच्या हाती पडलं, त्यांतल्या बहुतेकांनी परतीची वाट पाहतच डोळे मिटले असणार.

लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला. पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजरची बहीण मरीया येशूच्या पायांशी पडून म्हणाली, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." ही सरळसरळ तक्रार आहे. त्यावर त्याने तिला विश्वास सांभाळायला सांगितलं नाही. तो रडला.

मला विचाराल तर त्या रविवारी सगळ्यांत जास्त विश्वास गप्प उभ्या असलेल्या आईत होता. बोला.

दोन मैल

आधी तुमच्या घरासाठी प्रार्थना. ती औपचारिक नाही, हे पुढचं वाचून कळेल.

तुमच्याशी असहमत आहे. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. तो बसत नाही, बोलत नाही. रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. गजर लावायची गरज आता मला लागत नाही, आपोआप जाग येते. १९ वर्षं मी त्या घोषणेला "सर्वकाळ" म्हणत आलोय आणि बऱ्याच वेळा मनात तसं काही वाटत नव्हतं. तरी म्हटलं. कारण ती घोषणा माझ्या मनाची स्थिती सांगत नाही, देवाचा स्वभाव सांगते. मला वाटतं तेव्हाच तो चांगला असेल, तर मग त्याची गरजच काय?

दुसरं. ‘हे मरण निव्वळ वाईट, त्यात देवाचा हेतू नाही’ असं तुम्ही म्हणालात (नेमक्या या शब्दांत नाही, पण रोख तोच), तर माझ्या हातात काय उरतं? प्रसूतीच्या खोलीतली एक चूक. बस. भावांनी विकून टाकलेला योसेफ पुढे त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. ‘देवाने नंतर सावरून घेतलं’ असं तो म्हणत नाही. योजलं म्हणतो. रोमकरांस ८:२८ सुद्धा तेच म्हणतं, की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून चांगलंच घडवतात. मला या हेतूवर टेकता येतं म्हणून मी रात्री दोनला उठू शकतो.

आणि लाजरच्या घरात दोन बहिणी होत्या. मरीयाच्या आधी हेच वाक्य मार्था म्हणाली होती, शब्दाला शब्द. तिला प्रभूने विचारलं, "हे तू खरे मानतेस काय?" तुम्ही एकीची गोष्ट सांगितलीत, दुसरी गाळलीत.

कंदील

वाचतेय. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आईंना नमस्कार सांगा.

निखारा

मी मंडळीत वाढलो, आता जात नाही. कुणाला दुखवायचं नाही, पण विषय ‘बोला’ म्हणून सोडलाय म्हणून बोलतो.

तुमच्या आईंचं मौन मलाही त्या सभागृहातली सर्वांत खरी गोष्ट वाटते. पण तुम्ही लगेच त्याला ‘विश्वास’ असं लेबल का लावलंत? कदाचित तो विश्वास नसेलच. कदाचित आईंना इतकंच कळलं असेल की हे वाक्य आता आपल्या तोंडून निघत नाही. ते तसंच राहू द्या ना. टाळी वाजली तर विश्वास, गप्प राहिलं तर त्याहून मोठा विश्वास! मग अविश्वास दिसतो तरी कसा?

हीच माझी मूळ अडचण आहे. ‘चांगला’ या शब्दाला काहीतरी अर्थ हवा. एखादा माणूस चांगला आहे असं आपण म्हणतो तेव्हा तो अमुक करील आणि तमुक करणार नाही अशी काही अपेक्षा असते. हाताशी औषध असून शेजारचं पोर मरू देणाऱ्याला आपण चांगला म्हणत नाही. देवाच्या बाबतीत मात्र मूल वाचलं तर तो चांगला, मूल गेलं तरी चांगला, १९ वर्षं पडून राहिलं तरी चांगला. कुठलीच घटना ज्या वाक्याला धक्का लावू शकत नाही, ते वाक्य काही सांगतच नसतं.

हे काही माझं डोकं नव्हे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर हा पेच दोन हजार वर्षांहून जुना आहे: रोखायची इच्छा आहे पण शक्ती नाही? की शक्ती आहे पण इच्छा नाही? १७१० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने ‘हेच शक्य जगांतलं सर्वांत चांगलं जग’ असं बिनतोड गणित मांडलं. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी पोर्तुगालमधलं लिस्बन भूकंपाने हादरलं. सर्व संतांचा सण होता, चर्चं भरलेली होती, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. छतं कोसळली ती प्रार्थना करणाऱ्यांवर, मग समुद्र आत आला आणि आग कित्येक दिवस धुमसली. त्यानंतर ते गणित कुणाच्या घशाखाली उतरेना.

दुष्टाई माणसाच्या इच्छास्वातंत्र्यातून येते, असं कुणी काढायच्या आत सांगतो. माणसाने माणसाला मारलं तर तो युक्तिवाद निदान ऐकून घेता येतो. पांढऱ्या पेशींना इच्छा नसते.

नवी पालवी

प्रिय बंधू, तुमच्या बहिणीविषयी वाचून वाईट वाटलं. पण एक सत्य प्रेमाने सांगावंसं वाटतं. याकोब ५:१५ म्हणतं की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. वचन खोटं होत नाही. कुठे संशय शिरला होता का, हे घरातल्या सगळ्यांनी तपासून पाहावं. तुम्हीच लिहिलंय की शेवटी विश्वास अढळ नव्हता. माझ्या मावशीच्या गाठी प्रार्थनेने विरघळल्या, डॉक्टर थक्क झाले.

उंबरठा

@नवी पालवी, तुमच्या मावशी बऱ्या झाल्या याचा आनंद आहे, खरंच. पण तुम्ही आत्ता काय म्हणालात ते पुन्हा एकदा वाचा. ‘तो ऐकतोय ना रे’ असं २९ वर्षांची मुलगी रात्री विचारते आणि तुमच्या हिशोबाने त्या प्रश्नामुळे ती मेली. हे माझ्या आईसमोर बोलू नका.

मागचा बाक

(ईश्वरविज्ञान शिकतोय, परीक्षा डोक्यावर आहे, तरी इथे बसलोय.)

@नवी पालवी, संशय मोजून माणसं बरी होत असती, तर प्रेषित पौलाच्या आसपासची मंडळी ठणठणीत असायला हवी होती. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत इथे आजारी सोडून गेला, २ तीमथ्य ४:२० मध्ये सरळ लिहिलंय. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. विश्वास वाढव म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवतो आणि काटा तसाच राहतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ उघडा. सुरुवातीला राजा हेरोद प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात दूत येऊन पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. एकच मंडळी, तोच देव. याकोबासाठी लोकांनी प्रार्थना केली नसेल? हे लिहिणारा लूक कारण देत नाही. मला त्याचं हे न देणं आवडतं.

जाता जाता आणखी एक. ‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे वाक्य शोकसभेत हमखास कानावर पडतं आणि त्याला १ करिंथ १०:१३ चा आधार देतात. ते वचन मोहाबद्दल आहे, दुःखाबद्दल नाही. दुःखाबद्दल तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीही आशा राहिली नाही. म्हणजे झेपलं नाही. शास्त्रातच लिहिलंय की झेपलं नाही.

@निखारा, तुमचं मी गंभीरपणे घेतो. १९५५ मध्ये नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी हाच पेच धारदार करून मांडला, की चांगला आणि सर्वशक्तिमान देव आणि दुष्टाई ही त्रयी तर्काला धरून एकत्र राहूच शकत नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लँटिंगा यांनी सत्तरच्या दशकात त्यावर इच्छास्वातंत्र्याचा बचाव रचला. त्याने ‘तार्किक विसंगती आहेच’ हा दावा ढिला पडला, हे पुष्कळ नास्तिक तत्त्वज्ञही मान्य करतात. पण तर्काच्या परीक्षेत पास होणं म्हणजे सांत्वन नव्हे. हे तुमच्या बाजूने टाकलेलं मत समजा.

आता ईयोब, काही दोष नसताना मुलंबाळं, जनावरं, आरोग्य सगळं गमावलेला माणूस. हे पुस्तक आपण नीट वाचत नाही असं माझं ठाम मत झालंय. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्यासोबत बसतात, कुणी एक शब्द बोलत नाही. तिथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. मग तोंड उघडतात आणि देवाची बाजू मांडू लागतात: तो न्यायी आहे, तो कारणाशिवाय करत नाही, तूच काहीतरी केलं असशील. ईयोब मात्र देवाशी भांडतो, त्याला कोर्टात खेचायची भाषा करतो. शेवटी, ४२:७ मध्ये, देव मित्रांवर रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे हरले. भांडणाऱ्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला.

निखारा

ईयोब तुम्ही काढलात ते बरं केलंत. शेवट सांगायचा राहिला. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार. आणि मुलं? सात मुलगे आणि तीन मुली नव्याने झाल्या. आधीच्या दहांचं काय? ती देव आणि सैतान यांच्या पैजेत गेली. ईयोबाला पैजेचं शेवटपर्यंत कुणी सांगितलंसुद्धा नाही. वादळातून देव बोलतो ते पाणघोडा, सुसर आणि तारे यांबद्दल. बाप मुलांबद्दल विचारतोय आणि उत्तरात निसर्गदर्शन!

मागचा बाक

तो पाणघोडाच का यावर मतभेद आहेत, पण ते जाऊ द्या.

तुमच्या हिशोबातच एक गोष्ट आहे. जनावरं दुप्पट झाली, मुलं मात्र तेवढीच, दहा. जुने वाचक याचा अर्थ असा लावत आले, की मुलंही दुप्पटच झाली. जनावरं मेली ती संपली, पण आधीची दहा देवापाशी आहेतच, म्हणून दहाच नवी पुरली. हा अर्थ तुम्हाला पटणार नाही. मलासुद्धा काही दिवशी पटतो, काही दिवशी नाही. पण लिहिणाऱ्याने मुलांचा आकडा मुद्दाम दुप्पट केला नाही, म्हणजे मेलेल्यांची भरपाई होत नसते हे त्याला कळत होतं, एवढं तरी मान्य कराल?

निखारा

तेवढं मान्य.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या विभागात अकरा वर्षं काढली, बहुतेक रात्रपाळीच. वरचं सगळं वाचलं, निम्मं कळलं.

पहाटे तीनला मला कुणी लाइबनिट्सबद्दल विचारलेलं नाही. ओठ ओले करून दे म्हणतात. मुलगा निघाला का विचारतात. दिवा पूर्ण बंद करू नकोस म्हणतात. ‘का?’ विचारणारे असतात, पण उत्तर ऐकायला थांबत नाहीत. त्यांना कुणीतरी खुर्ची ओढून बसायला हवं असतं.

एक आजोबा होते. रोज रात्री तेविसावं स्तोत्र म्हणायचे, भरभर, पाढ्यासारखं. मला पाठ झालं त्यांच्यामुळे, मी काही फार वाचणारी नाही. एकदा मध्येच थांबले आणि म्हणाले, "बघ, सिस्टर, गंमत. हिरवी कुरणं, संथ पाणी, तिथपर्यंत सगळं ‘तो’ आहे. तो मला बसवतो, तो मला नेतो. दरी आली की ‘तू’. कारण तू माझ्याबरोबर आहेस." मग म्हणाले, "मी कुरणात होतो तेव्हा त्याच्याविषयी बोलायचो. आता त्याच्याशी बोलतो. बोलतो म्हणजे काय, शिव्यासुद्धा देतो." आणि हसले, मग खोकला आला.

त्यांच्याकडे उत्तर होतं असं मी म्हणत नाही. भीती गेली होती असंही नाही. शेवटच्या दोन रात्री खूप घाबरले होते, माझं मनगट सोडत नव्हते. स्तोत्रही म्हणत नव्हते, मग मीच म्हणायचे. ‘तू’पाशी आले की ते बोट दाबायचे.

दोन मैल

@रात्रपाळी, हे मी बायकोला वाचून दाखवलं.

निखारा

@रात्रपाळी, तुम्ही जे करता त्यापुढे मी टोपी काढतो. पण नीट पाहा, मनगट तुमचं होतं. खुर्ची तुम्ही ओढली. ‘तू’ म्हणताना त्यांनी दाबलं ते बोट हाडामांसाचं होतं. याचं श्रेय देवाच्या खात्यावर का जमा करायचं?

आणि ‘देव दुःखात सोबत असतो’ हे उत्तर मला कधीच पुरलं नाही. घराला आग लागलीय, पाण्याचा बंब ज्याच्याकडे आहे तो माणूस आत येतो आणि माझ्याशेजारी बसून भाजून घेतो. छान. पण बंबाचं काय? देवही रडला, देवही वधस्तंभावर गेला, याने माझं दुःख कमी होत नाही. दुःखाची बेरीज तेवढी वाढते.

उंबरठा

हे वाचून काल रात्रभर तळमळलो. बंबाचं काय, हा प्रश्न बहिणीच्या ‘मग?’ चाच भाऊ आहे.

उत्तर देत नाही, फक्त मी कुठे उभा आहे ते सांगतो. वधस्तंभावर येशू २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडतो: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्या ओरडण्याला मार्कच्या शुभवर्तमानात उत्तर नाही. आकाशातून वाणी येत नाही. ती बाप्तिस्म्याच्या वेळी आली होती, डोंगरावर आली होती, इथे नाही. पोराने विचारलं आणि बाप गप्प. म्हणजे बहिणीला जे मिळालं तेच त्यालाही मिळालं. आणि तरी त्या वाक्यात दोनदा ‘माझ्या’ आहे. सोडून गेलास असं ज्याला म्हणायचं त्यालाच ‘माझा’ म्हणायचं. माझा विश्वास हल्ली जेवढा आहे तेवढा त्या एका शब्दात मावतो. उरलेलं तिसऱ्या दिवसावर, त्याच्या पुनरुत्थानावर, टाकलंय. तो दिवस आलाच नसेल तर तुम्ही बरोबर आणि मी मूर्ख. पौलच तसं म्हणतो, १ करिंथ १५ मध्ये. हा बंब नाही, कबूल. बंब येणार आहे अशा भरवशावर बसणं आहे, आणि बहिणीच्या वेळेला तो आला नाही, हेही खरं आहे.

@दोन मैल, मार्थाचं तुम्ही बरोबर पकडलंत. मी सोयीची बहीण उचलली होती. पण मंडळी एरवी सगळ्यांना मार्थाच समजते, एवढी माझी तक्रार राहू द्या. आणि ‘हेतू नाही’ असं मला म्हणायचं नव्हतं. हेतू असेलही. तो मला दिसतो असं ढोंग करायचं नाही, आणि दुसऱ्याने तो मला समजावून सांगायचा नाही, इतकंच. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही ‘देवाने योजलं’ म्हणता ते तुम्ही म्हणू शकता. तेच मी तुमच्याकडे येऊन म्हटलं असतं तर?

दोन मैल

तर मी तुम्हाला दार दाखवलं असतं. एकाला दाखवलंही आहे.

तुमचं हे मान्य आहे. रोम ८:२८ बाहेरच्याने औषधासारखं पाजायचं वचन नाही. त्याच्या आधीच्या वचनांत सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि काय मागावं हे सुचेनासं झालं की आत्माही शब्दांवाचून कण्हतो, असं आहे. सहा-सात वचनं कण्हल्यावर ते येतं.

पण ८८ व्या स्तोत्राबद्दल एक सांगायचंय. तशी स्तोत्रं फार नाहीत. बाकीची गाऱ्हाणी बहुतेक वळतात, शेवटाकडे कुठेतरी ‘तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’ येतं. अपवादावरच बिछाना टाकू नका. १९ वर्षांत मी तसं करून पाहिलंय, दोन वर्षं मंडळीत गेलो नव्हतो. तिथे पाठ दुखते.

मागचा बाक

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांचं उदाहरण या दोघांच्या मध्ये बसतं. १९४० मध्ये त्यांनी वेदना आणि देवाचा चांगुलपणा यांवर नेटकं, मुद्देसूद पुस्तक लिहिलं. १९६० मध्ये पत्नी कर्करोगाने गेली. मग वह्यांमध्ये जे लिहिलं ते इतकं उघडंवाघडं होतं, की १९६१ मध्ये ते टोपणनावाने छापलं. पहिलं पुस्तक त्यांनी मागे घेतलं नाही. दुसरंही फाडलं नाही. परीक्षेत या प्रश्नाला मी दोन्ही लिहिणार आहे, गुण किती मिळतात बघू.

नवी पालवी

मी आधी जे लिहिलं त्याबद्दल क्षमा मागते. माझा प्रार्थनेवरचा विश्वास तसाच आहे. पण ते तसं लिहायला नको होतं. मावशींना वाचून दाखवलं, त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करायची, ती गेली.

उंबरठा

@नवी पालवी, मावशींना सलाम.

आईला आज हा सगळा धागा वाचून दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. ‘सगळ्यांत जास्त विश्वास आईत’ इथे आलो तेव्हा म्हणाली, "माझ्या नावावर काहीही खपवू नकोस. मला नुसतं म्हणावंसं वाटलं नाही." म्हणजे निखारा, हा मुद्दा तुमचा. पण पुढे म्हणाली, "येत्या रविवारचं ठरवलेलं नाही."

आणि तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. मी नको म्हटलं होतं, ऐकत नाही. ‘त्या निखाऱ्याचं कोण गेलं?’

निखारा

वडील. पण ते गेले म्हणून माझं म्हणणं खरंही ठरत नाही आणि खोटंही.

उंबरठा

तू असंच म्हणशील, हे ती आधीच बोलली होती. तरी विचार म्हणाली.